टर्नटेबलखाली काय घालायचं ते नंतर, आधी ते किती दबतं ते मोजा

रेकॉर्ड लावलीय, सुई टेकलीय, आणि कोणी खोलीतून नुसतं चालत गेलं तरी स्पीकरमधून धप्प धप्प ऐकू येतं, कधी तर सुई उडून दोन खाचा पुढे जाऊन पडते. किंवा चालणारं कोणी नाही पण आवाज जरा वर नेला की बास फुगायला लागतो, आधी नुसती गुरगुर, मग एकदम हूऽऽ करून घुमायला लागतं आणि घाईघाईने व्हॉल्यूम खाली आणावा लागतो. यातलं काहीही तुमच्याकडे होत असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. घरच्या सामानात याच्यावर खरोखर चांगला इलाज होतो, फक्त तो अंदाजाने केला तर बरेचदा उलटा फिरतो.

माझा पहिला प्रयत्न उलटाच फिरला होता. चार जाड रबरी पॅड आणले, मऊ होते, हाताला छान वाटत होते, टर्नटेबलच्या चारही पायांखाली ठेवले आणि वाटलं झालं काम. त्या रात्री रेकॉर्ड लावली तर आधी ज्या पावलांना नुसता धप्प आवाज यायचा त्याच पावलांना आता सुई उडायला लागली. दोन दिवस मी आर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) वजन, सुईचा दाब, अँटीस्केट (आर्मची आत ओढ तोलणारी सेटिंग) सगळं परत परत तपासत बसलो, तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. मग एकदा पट्टी घेऊन पॅड मोजले. टर्नटेबल ठेवल्यावर ते जेमतेम ३ मिलिमीटर दबत होते. तो ३ चा आकडाच सगळं सांगत होता, मला तेव्हा वाचता येत नव्हता एवढंच.

एकच गोष्ट नीट समजून घ्या

कुठलीही स्प्रिंगसारखी वस्तू, मग ती लोखंडी स्प्रिंग असो, रबर असो की स्पंज, तिच्यावर वजन ठेवलं की त्या दोघांची मिळून एक स्वतःची हलायची गती ठरते. वजनाला हलका धक्का दिला तर सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होईल ती ही गती, तितके हर्ट्झ. आता खालून येणारा कंप या गतीपेक्षा बराच वेगाचा असेल तर स्प्रिंग तो अडवते. कंप खूप सावकाश असेल तर जसाच्या तसा वर जातो. आणि कंप बरोब्बर त्या गतीच्या आसपासचा असेल तर स्प्रिंग तो वाढवून वर पाठवते. झोपाळ्याला योग्य वेळी ढकलत राहिलं की तो उंच जातो ना, तसंच.

अडवायला सुरुवात कुठे होते तर त्या गतीच्या साधारण १.४ पटीनंतर. दुप्पट गतीच्या कंपातला एक तृतीयांश अजून वर जातो, तिप्पटीला एक अष्टमांश, चौपटीला पंधरावा भाग. हे आकडे कागदावरच्या आदर्श स्प्रिंगचे आहेत, पण अंदाज घ्यायला पुरतात.

आणि ही गती काढायला कुठलंही यंत्र लागत नाही. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते मोजायचं, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये. १ मिलिमीटर दबली तर जवळजवळ १६ हर्ट्झ, ४ दबली तर ८, १० दबली तर ५, १६ दबली तर ४, आणि २५ दबली तर ३ च्या थोडं वर. माझे पॅड ३ मिलिमीटर दबत होते म्हणजे ९ हर्ट्झ, आणि रबर हलताना नुसतं ठेवलेलं असतं त्यापेक्षा कडक वागतं, त्यामुळे प्रत्यक्षात १० ते ११ धरा.

आता १० हर्ट्झच एवढं वाईट का? कारण टोनआर्म, म्हणजे तोच आर्म, आणि त्याच्या टोकाला सुई धरणारं कार्ट्रिज यांची पण एक स्वतःची गती असते. कार्ट्रिजची सुई एका छोट्या लवचिक दांडीवर असते, त्या लवचिकपणावर अख्ख्या आर्मचं वजन तोललेलं असतं, म्हणजे ती पण स्प्रिंगच झाली. ही गती मुद्दामच ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये बसवतात, कारण रेकॉर्डचा वाकडेपणा याच्या खाली राहतो आणि संगीत साधारण २० हर्ट्झच्या वर सुरू होतं. मी आणलेले पॅड नेमके या ८ ते १२ च्या पट्ट्यातच कंप वाढवत होते, जिथे आर्म सगळ्यात कच्चा असतो. मऊ म्हणजे चांगलं ही समजूत इथेच मारते. अर्धवट मऊ असण्यापेक्षा काहीच न ठेवलेलं परवडतं.

म्हणून आपलं लक्ष्य ४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे १४ ते १६ मिलिमीटर दबणं. पुढचं सगळं या एका आकड्यासाठी आहे.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

घाईने स्प्रिंग घ्यायला जाऊ नका, चार वेगवेगळी दुखणी एकाच नावाने खपतात.

चालल्यावर सुई उडते किंवा धप्प येतं तर तो जमिनीचा प्रश्न. लाकडी तक्त्यांची जमीन असेल तर ती स्वतःच सावकाश झुलते, माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि एवढ्या सावकाश हलण्याला ४ हर्ट्झची स्प्रिंग अडवूच शकत नाही, उलट अख्खं टर्नटेबल तरंगत हलायला लागेल. अशा जमिनीवर पहिला आणि खरा इलाज म्हणजे भिंतीवरची फळी. पक्क्या भिंतीत, जाड ब्रॅकेटवर, जमिनीला कुठेही न टेकणारी. हे मी ठासून सांगतो कारण लोक जमिनीवर उभ्या रॅकमध्ये स्प्रिंगवर स्प्रिंग रचत बसतात आणि जमीन तशीच झुलत राहते. काँक्रीटची जमीन असेल तर पावलांचा त्रास सहसा कमी असतो, तिथे बहुतेक वेळा डुगडुगणारं टेबल किंवा लटपटता रॅक हाच चोर निघतो. एका कोपऱ्यावर बोट दाबून बघा, हलतंय का. हलत असेल तर आधी ते घट्ट करा.

आवाज वाढवल्यावर गुरगुर आणि घुमणं, हा स्पीकरचा कंप परत सुईत शिरण्याचा प्रश्न. तो रॅकमधून येतो आणि हवेतून पण येतो. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर असतील तर बाकी काही करायच्या आधी त्यांना वेगळं करा. निम्म्या घरात एवढ्यावरच काम संपेल.

स्पीकरचा पडदा संगीत नसतानाही सावकाश आतबाहेर होतोय आणि दर १.८ सेकंदाला तेच परत होतंय, तर ती रेकॉर्ड वाकडी आहे. ३३ १/३ च्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदाचा असतो. याला खालून काहीही ठेवून उपयोग नाही. फोनो प्रीअँपवर, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागावर, २० हर्ट्झखालचं कापणारं सबसॉनिक फिल्टरचं बटण असेल तर ते दाबा.

आणि सतत एकसारखी हम्म असेल, चाललं-थांबलं काही फरक नाही, तर ती वायरिंगची हम असते, अर्थिंगची वायर बघा.

आणखी एक. तुमच्या टर्नटेबलच्या आतच स्प्रिंग असतील, म्हणजे प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) आणि आर्म मिळून हाताने दाबल्यावर बॉडीपासून वेगळे खालीवर होत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी अर्धाच आहे. एडगर विल्चर यांनी १९६१ च्या एआर एक्सएमध्ये प्लॅटर आणि आर्म एकत्र तीन स्प्रिंगवर तरंगत ठेवले, पुढे लिन सोंडेक एलपी१२ सारखी मशीन त्याच विचारावर बनली. अशा मशीनखाली आणखी एक स्प्रिंगचा थर घातला की दोन झुलणाऱ्या गोष्टी एकमेकींशी भांडतात. त्यांना हलकी पण ताठ फळी द्या, भिंतीवरची असेल तर उत्तम. पुढची सगळी कृती घट्ट बॉडीच्या, रबरी पायांच्या मशीनसाठी आहे.

बदल करायच्या आधी मोजमाप

हे टाळू नका. कान आपल्याला फसवतात, विशेषतः दोन दिवस मेहनत केल्यावर.

एक जुनी रेकॉर्ड ठेवा, मोटर बंद, प्लॅटर थांबलेला, आणि थांबलेल्या रेकॉर्डवर लिव्हरने सुई खाली सोडा. प्लॅटरला हात लावू नका, सुई त्याच जागी बसलेली असू दे, काही होत नाही तिला. आता अँपचा आवाज अगदी हळूहळू वर न्या, बोट नॉबवरच ठेवून, कारण एका टप्प्यावर घुमणं एकदम सुरू होऊ शकतं आणि स्पीकरला ते सोसत नाही. नेहमी ऐकता तेवढ्या आवाजावर बोटाच्या टोकाने रॅकवर टकटक करा. मग टेबलाच्या पायावर. मग जमिनीवर टाच आपटा. काय ऐकू येतं ते लिहून ठेवा. पहिल्यांदा हे केलं तर दचकाल, बोटाची नखं रॅकवर घासली तरी ऐकू येतं.

याचं कारण असं की एलपीची खाच साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद, आणि त्यातली हळू आवाजाची नागमोड एक मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. कार्ट्रिजला कळतं ते एवढंच की सुई आणि आपली बॉडी यांच्यात हालचाल झाली. ती खाचेमुळे झाली की टेबल हललं म्हणून झाली हे तिला ओळखता येत नाही. वर आणखी फोनो प्रीअँप आरआयएएच्या वळणानुसार (रेकॉर्ड कापताना दाबलेला बास परत उचलायचं ठरलेलं प्रमाण) बास उचलतो, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला १९ डेसिबलच्या वर, म्हणजे ९ पट. पावलांचा कंप असतो तो याच भागात.

फोनो प्रीअँप वेगळा असेल आणि कॉम्प्युटरला जोडता येत असेल तर अजून चांगलं. सुई तशीच थांबलेल्या रेकॉर्डवर ठेवून एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. तिथे साइजचा आकडा ६५५३६ करा हं, कारण लहान आकड्यावर खालचा सगळा भाग एकाच खांबात गोळा होतो आणि ८ हर्ट्झ आणि ३० हर्ट्झ वेगळे दिसतच नाहीत. त्याच वेळी फोनवरून स्पीकरला बासवालं एखादं गाणं लावून दुसरं एक मिनिट रेकॉर्ड केलं तर स्पीकरचा कंप किती शिरतोय ते पण कळतं. त्या गाण्याची वेळ आणि व्हॉल्यूमची खूण लिहून ठेवा, नंतर तंतोतंत तसंच परत करायचंय.

आता आर्मची गती. आर्मचं प्रभावी वजन मशीनच्या माहितीपत्रकात मिळतं, त्यात कार्ट्रिज आणि स्क्रूचं वजन मिळवा, सगळं ग्रॅममध्ये. कार्ट्रिजचा कंप्लायन्स, म्हणजे लवचिकपणाचा आकडा त्याच्या कागदावर असतो, तो १० हर्ट्झला मोजलेला असेल याची खात्री करा. दोघांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, आणि १५९ ला त्याने भागा. उदाहरणार्थ आर्म १२, कार्ट्रिज ६.५, स्क्रू १, मिळून १९.५ ग्रॅम, कंप्लायन्स २० असेल तर गुणाकार ३९०, वर्गमूळ १९.७, उत्तर ८ हर्ट्झ. स्प्रिंगवर बसणारा तुमचा पाटा (टर्नटेबलखालची जड फळी, पुढे येतेच) याच्या निम्म्यावर बसला पाहिजे, म्हणजे ४. बघा, दोन्ही बाजूंनी तोच आकडा येतो.

पाटा

टर्नटेबल थेट स्प्रिंगवर ठेवू नका, मध्ये एक जड ताठ पाटा हवा. वजन वाढलं की मोटरची थरथर, हाताचा धक्का, हवेतून येणारा दाब, सगळ्याला हलवायला जास्त मोठी वस्तू मिळते. शिवाय जड भाग खालच्या बाजूला आला की मशीन डोलत नाही.

माझी पसंती १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर, ४५ बाय ३६ सेंटिमीटर, वजन पावणेचार किलोच्या आसपास. दोन थरांच्या मध्ये लाकडाचा पांढरा गोंद न लावता कायम लवचिक राहणारा गोंद लावा, तोच जो सुकल्यावर रबरासारखा राहतो. असं केलं की पाट्यावर ठोकल्यावर येणारा टणत्कार मध्येच मरतो, कारण दोन थर एकमेकांवर अगदी किंचित सरकतात आणि त्या सरकण्यात कंपाची ताकद खर्च होते. कडक गोंद लावला तर ते दोन थर म्हणजे एकच जाड फळी होते, हा फायदा जातो.

ग्रॅनाइटची लादी पण चालते, २ सेंटिमीटर जाडीची तेवढीच लादी ८ किलोच्या वर जाते. पण नुसती लादी बोटाच्या पेराने ठोकली की घंटेसारखी वाजते, म्हणून खालून प्लायचा एक थर त्याच लवचिक गोंदाने चिकटवा आणि मग ठोका. आवाज ठक्क असा मेलेला आला की झालं.

स्प्रिंग निवडणं, हा लेखाचा गाभा

समजा टर्नटेबल ६ किलो आणि पाटा ४ किलो, एकूण १०. चार स्प्रिंग, म्हणजे प्रत्येकीवर अडीच किलो. १५ मिलिमीटर दबायला हवी. म्हणजे दर १० मिलिमीटरला साधारण १.७ किलो घेणारी स्प्रिंग पाहिजे. स्प्रिंगवर हे कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे स्वतःच मोजायचं.

स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर स्प्रिंग उभी करा, शेजारी स्टीलची पट्टी काट्याच्या पृष्ठभागावर टेकवून उभी धरा, स्प्रिंगवर एक छोटा लाकडी ठोकळा ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता ठोकळा बोटांनी सरळ खाली दाबा, पट्टीवर ठोकळ्याची कड १० मिलिमीटर खाली आली की थांबा आणि काट्यावरचा आकडा वाचा. हात थरथरतो, आकडा १.६ आणि १.८ मध्ये नाचतो, चालेल, तीनदा करा आणि मधला धरा. चारही स्प्रिंग अशाच मोजा. एकाच पिशवीतल्या चार स्प्रिंगमध्ये मला चांगलाच फरक मिळालाय, म्हणून मी आता सहा घेतो आणि जवळजवळ सारख्या चार निवडतो. थोडा फरक राहिलाच तर कडक स्प्रिंग जड बाजूला.

उंचीचं पण बघा. मोकळी उंची ४० मिलिमीटर धरली आणि १५ दबली तर २५ उरते. त्यातून आणखी ८-१० मिलिमीटर दबायला जागा असली पाहिजे, वेढे एकमेकांना टेकायला नकोत, वेढे टेकले की ती स्प्रिंग राहिली नाही, लोखंडाचा ठोकळा झाला. आणि स्प्रिंग बारीक-उंच नको, व्यास २५-३० मिलिमीटर असेल तर ४० उंचीला बसते, नाहीतर पाटा बाजूला कलंडायला बघतो.

लोखंडी स्प्रिंगचा एक दोष म्हणजे ती स्वतः किणकिणते आणि एकदा हलली की हलतच राहते. त्यासाठी आत स्पंजचा तुकडा भरायचा, पण सैल. स्पंज घट्ट कोंबला तर वजन स्प्रिंगऐवजी स्पंजच घेतो आणि सगळा हिशोब बिघडतो. भरल्यानंतर परत एकदा काट्यावर दाबून बघा, १.७ च्या जागी १.९ च्या वर गेलं तर स्पंज कातरून कमी करा. पाट्याला हलकं दाबून सोडल्यावर तीन-चार वेळा हलून शांत झाला की बरोबर. दहा-बारा वेळा हलत राहिला तर स्पंज कमी पडला, एकदाच हलून गप्प झाला तर जास्त झाला.

गुरुत्वमध्य, जो सगळे विसरतात

चार स्प्रिंग पाट्याच्या चार कोपऱ्यांना मोजून लावल्या आणि पाटा एका बाजूला झुकला, हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. कारण टर्नटेबलचा गुरुत्वमध्य पाट्याच्या मध्यावर नसतो, आर्म आणि त्याचं मागचं वजन एका बाजूला असतं, मोटर आणि ट्रान्सफॉर्मर भलतीकडे.

तो शोधायची साधी रीत अशी. पाट्यावर टर्नटेबल त्याच्या कायमच्या जागी ठेवा, प्लॅटर, मॅट, रेकॉर्ड सगळं लावून, आर्म स्टँडवर अडकवून. पाट्याची डावी कड एका ठोकळ्यावर आणि उजवी कड माणसं वजन करतात त्या काट्यावर, दोन्हीकडे मध्ये एकेक पेन्सिल आडवी, म्हणजे टेकतंय कुठे ते पक्कं राहतं. ठोकळा काट्याएवढाच उंच हवा. काट्याने ५.४ किलो दाखवलं आणि एकूण वजन १० किलो असेल तर ५.४ भागिले १० गुणिले ४५, म्हणजे गुरुत्वमध्य डाव्या कडेपासून २४.३ सेंटिमीटरवर. पाट्याचा मध्य २२.५ ला होता, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर उजवीकडे. असंच पुढे-मागे ३६ सेंटिमीटरच्या बाजूने करा. मग स्प्रिंग या बिंदूपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर लावायच्या, उदाहरणार्थ १८ सेंटिमीटर डावीकडे आणि १८ उजवीकडे, म्हणजे ६.३ वर आणि ४२.३ वर. खुणा पाट्याच्या खालच्या बाजूला करायच्या असल्याने डावं-उजवं उलटं होतं, तेवढं सांभाळा, मी एकदा उलटी भोकं पाडून बसलोय.

स्प्रिंग जितक्या दूर दूर तितकं डोलणं कमी. खुणेवर ३ मिलिमीटर खोल गोल खळगा पाडा किंवा प्लायची रिंग कापून चिकटवा, म्हणजे स्प्रिंग सरकणार नाही. खळग्यात जाड नमद्याची चकती घाला, लोखंड लाकडाला थेट लागलं की बारीक किणकिण वर जाते. खाली रॅकवर सुद्धा असेच खळगे असलेली पातळ प्लायची फळी ठेवा, स्प्रिंग रॅकवर उघड्या उभ्या करू नका.

जोडताना दुसरं माणूस हाताशी घ्या. पाटा आधी रिकामा स्प्रिंगवर बसवा, मग टर्नटेबल वरून सरळ खाली ठेवा, तिरकं ठेवलं की स्प्रिंग आडवी होते. पाणसळ प्लॅटरवर ठेवून बघा, पाट्यावर नाही. बुडबुडा एका बाजूला गेला तर खाली गेलेल्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगखाली नमद्याची अजून एक चकती, किंवा वर आलेल्या बाजूला पाट्यावर थोडं वजन. दोन्ही दिशांना बघा. हे करताना अर्धा तास सहज जातो, जाऊ दे.

स्प्रिंग नसेल तर

सायकलच्या लहान चाकाची ट्यूब, १२ इंची, हा पण फार चांगला उपाय आहे. कडेला चौकट असलेला उथळ खोका, आत ट्यूब, वर पाटा. हवा अगदी कमी, पाटा चौकटीपासून १० ते १५ मिलिमीटर वर उचलला जाईल एवढीच. ट्यूब टणक फुगवली की सगळं गेलं. व्हॉल्व्हसाठी चौकटीला खाच ठेवा आणि पाटा चौकटीला कुठेही शिवता कामा नये. हवेच्या बाबतीत दबण्याचा १५.८ वाला हिशोब लागू पडत नाही, तिथे गती फोनवरच मोजायची, कशी ते पुढे सांगतो. त्रास एवढाच की हवा हळूहळू जाते, आठवड्याला पातळी बघावी लागते.

स्क्वॉशचे चेंडू बरेच जण वापरतात. चेंडू ४० मिलिमीटरचा, रिंगमध्ये बसवला की गडगडत नाही, आणि स्पीकरच्या वरच्या बासला, मधल्या आवाजाला नक्की फायदा देतो. पण ४० मिलिमीटरच्या चेंडूकडून १५ मिलिमीटर दबण्याची अपेक्षा करू नका, त्यामुळे पावलांच्या हादऱ्याला तो कमी पडतो. ठेवलात तर दबणं मोजा आणि आर्मच्या आकड्याशी ताडून बघा.

सॉर्बोथेनचे (कंप शोषणाऱ्या मऊ, रबरासारख्या पदार्थाचे) पॅड ठरलेल्या वजनालाच काम करतात, वजनाने जाडीच्या १० ते २० टक्के दबले पाहिजेत, त्यापेक्षा कमी दबले तर ते नुसतं रबर. आणि लाकडावर थेट ठेवले तर तेलकट डाग पडतात.

टोकदार स्पाइक कंप अडवत नाहीत. ते वस्तू जमिनीला घट्ट जोडतात, डुगडुगणं थांबवतात, त्यांचं काम तेवढंच.

बसवल्यावरची तपासणी

फोनमध्ये फायफॉक्स हे अ‍ॅप घ्या, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं आहे, मोफत आहे. त्यात अ‍ॅक्सेलरेशन स्पेक्ट्रम नावाचा प्रयोग उघडा, फोन पाट्यावर सपाट ठेवा, सुरू करा आणि पाट्याला वरून एका बोटाने हलकी टिचकी द्या. आलेखात एक टोक उभं राहील, ते कुठल्या हर्ट्झवर आहे बघा. ४ च्या आसपास असेल तर हिशोब जुळला. ६-७ दिसत असेल तर स्पंज जास्त झालाय किंवा काहीतरी पाट्याला अडकतंय.

अडकणारी गोष्ट दहापैकी आठ वेळा वायर असते. टर्नटेबलचा आवाज नेणारी आरसीएची जाड ताठ केबल पाट्यावरून थेट अँपकडे ताणलेली असली की रॅकचा कंप तिच्यातूनच वर चढतो, स्प्रिंग बिचारी खाली काम करत राहते. केबल, अर्थिंगची वायर आणि पॉवरची वायर तिघींना पाट्याजवळ एक सैल वळसा द्या आणि वळशाच्या पलीकडे रॅकला बांधा. टर्नटेबलचं झाकण उघडल्यावर मागे भिंतीला लागतंय का तेही बघा, हे मी मित्राच्या घरी शोधलं, तासभर सगळे स्प्रिंगला दोष देत होते.

मग सुरुवातीची सगळी मोजमापं तशीच परत करा. थांबलेली रेकॉर्ड, तोच आवाज, तीच टकटक, तेच गाणं. ऑडॅसिटीतले दोन आलेख शेजारी ठेवा. रॅकवरच्या टकटकीत मोठा फरक दिसलाच पाहिजे. ४ हर्ट्झपाशी मात्र छोटा उंचवटा नवीन दिसेल, घाबरू नका, ती पाट्याची स्वतःची गती, आर्मपासून लांब आहे म्हणून चालते.

स्पीकरचं गाणं लावून केलेल्या मोजमापात फरक कमी पडला तर कंप हवेतून येतोय, आणि हवेतून येणाऱ्याला खालची कुठलीही स्प्रिंग अडवत नाही. झाकण पूर्ण काढून एकदा मोजा आणि बंद करून एकदा. काही मशीनमध्ये झाकण आवाज अडवतं, काहींमध्ये ते ढोलासारखं थरथरून उलट कंप गोळा करतं, आधी सांगता येत नाही. त्याने भागलं नाही तर जागा बदला. खोलीच्या कोपऱ्यात बास सगळ्यात जास्त साचतो, तिथून मीटरभर बाहेर काढलं तरी आलेख खाली येतो.

तरंगत्या पाट्यावर एक सवय बदलावी लागते. हाताने आर्म उचलताना पाटा बोटाखाली दबतो आणि सुई भलत्याच जागी उतरते, म्हणून नेहमी लिव्हरनेच सुई खाली-वर करा, आणि रेकॉर्ड बदलताना मनगट पाट्यावर टेकवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पट्टीने चारही कोपऱ्यांची उंची मोजून आधीच्या आकड्याशी ताडा. स्पंज बसतो, एखादी स्प्रिंग थोडी खचते. मी पहिल्या दिवसाचे चार आकडे पाट्याच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत, कोपऱ्याकोपऱ्याला.